सहावी वाटी

मला नोकरीवर घेण्याआधी बाईंनी एकच प्रश्न विचारला. "काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लंस?"

मी बी.एस्सी.चं सर्टिफिकेट, लग्नानंतरच्या नावाचं अ‍ॅफिडेव्हिट आणि कॉलेजच्या प्राचार्यांचं शिफारसपत्र असं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेलं होतं. ती पिशवी मांडीवर तशीच राहिली. इंग्रजीत बोलायची तयारी करून गेले होते आणि समोरच्या बाई चक्क मराठीत विचारत होत्या. मी म्हटलं, "सकाळी चहा-पोळी. दुपारी वरण-भात, भाजी, कोशिंबीर. रात्री परत पोळी-भाजी."

"ही सासूबाईंना पत्रात लिहायची यादी झाली," बाई म्हणाल्या. "आता खरी सांग."

खरं म्हणजे आदल्या दिवशी मी फ्रिजसमोर उभं राहून गार पिझ्झ्याचे दोन तुकडे खाल्ले होते आणि संध्याकाळी वेफर्सचं अख्खं पाकीट संपवलं होतं. ते सांगितलं. बाईंनी पिझ्झ्याचे तुकडे केवढे होते ते हाताने दाखवायला लावलं, वेफर्स मोठ्या पाकिटातले की छोट्या ते विचारलं, आणि म्हणाल्या, "सोमवारी आठ वाजता ये." घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बरं झालं. पण काम काय आहे?" मला ते काही सांगता येईना.

काम पुढे हळूहळू कळलं. बाई मात्र आजतागायत कळलेल्या नाहीत.

ही ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहायचो. माझा नवरा आणि आमच्या ओळखीचे सगळेच जवळच्या रिसर्च पार्कात कामाला जायचे. मी मात्र उलट्या दिशेला अर्धा तास ड्राइव्ह करून, तंबाखूची शेतं ओलांडून, एका काउंटीच्या आरोग्य खात्यात जायची. तिथे गरीब बायकांच्या हृदयविकाराचा एक अभ्यास चालला होता. औषधं न देता, नुसतं खाणंपिणं बदलून आणि चालायला लावून बायकांची हृदयं जपता येतात का, असा त्यातला प्रश्न. त्यासाठी दर मंगळवारी एका चर्चच्या तळघरात बायका जमायच्या. कमी चरबीचा स्वयंपाक शिकायच्या, तळघरातल्या तळघरात गोल गोल चालायच्या, आणि आम्ही त्यांचं वजन, ब्लडप्रेशर आणि आदल्या दिवशीचं खाणं लिहून घ्यायचो. ही सगळी मोजणी बाईंच्या हाताखाली चालायची.

बाईंचं वय पन्नाशीच्या पुढे. सुती साडी, पायात पुरुषी पांढरे बूट आणि थंडीत वरून एक तपकिरी ओव्हरकोट. तो कोट त्यांना दोन्ही खांद्यांना मोठा व्हायचा. तो कोणाचा, हे कॅरीतल्या मराठी मंडळींना फार जाणून घ्यायचं होतं. कोणी म्हणे बाई विधवा आहेत, कोणी म्हणे नवऱ्याने टाकलंय, कोणी म्हणे लग्नच केलं नाही, कोट सेलमधला आहे. मी या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वेळी खऱ्या मानल्या. तळघरातल्या बायका त्यांना 'मिस डॉक' म्हणायच्या. बाई डॉक्टर नव्हत्या. एकेकाळी सोलापूरला नर्स होत्या आणि इकडे येऊन संख्याशास्त्र शिकल्या होत्या, एवढं मला त्यांच्याच तोंडून कळलं. तेही मी विचारल्यावर नाही, एका पार्किंग लॉटमध्ये, बर्फ खरवडताना.

गाडीच्या डिकीत त्या एक लाकडी खुर्ची ठेवायच्या. मोजणीसाठी कोणाच्या घरी जायची वेळ आली की खुर्ची काखेत मारून दार वाजवायच्या. लोकांना वाटायचं ही बाई राहायलाच आली. "सोफा बुडतो, पाय लोंबतात, प्रेशर वाढतं," असं त्यांचं म्हणणं. जिचं प्रेशर घ्यायचं तिला त्या खुर्चीवर बसवायचं, पाय जमिनीला टेकवायचे, हात टेबलावर ठेवायचा, आणि मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं. स्वयंपाकघरातला टायमर लावून बाई समोर बसायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. त्या पाच मिनिटांत काही बायका रडायला लागत. सकाळपासून त्यांना कोणी पाच मिनिटं बसू दिलेलं नसायचं. बाई डोळे उघडत नसत. टायमर वाजला की पट्टा बांधायच्या. "त्या रडल्या तर लिहायचं का?" मी एकदा विचारलं. "रकाना आहे का?" बाईंनी विचारलं. रकाना नव्हता. मग त्यांनी मला पिशवीतून कागदी रुमालांचं पाकीट काढून दिलं आणि "टेबलावर ठेवत जा" म्हणाल्या. म्हणजे त्यांना सगळं कळत होतं की काही कळत नव्हतं, हे मला अजून ठरवता येत नाही.

फॉर्मवर खोडायला बंदी होती. चूक झाली तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर ते लिहायचं आणि आपली आद्याक्षरं घालायची. असं सगळीकडेच करतात. पण बाईंनी हा नियम अंगाला लावून घेतला होता. एकदा आमच्याकडे जेवायला आल्या. पहिला घास घेऊन म्हणाल्या, "आमटी खारट आहे." दुसरा घास घेतला. "रेघ मारते. आंबट आहे." माझ्या नवऱ्याला हसू आवरेना. त्यालाही त्यांनी सोडलं नाही. ताट पुढे येताच "काल सकाळी उठल्यापासून" सुरू केलं आणि ऑफिसात तो रोज तीन डोनट खातो हे मला लग्नाच्या पाचव्या वर्षी माझ्याच डायनिंग टेबलावर कळलं.

आणि नऊ. माहिती मिळाली नाही की रकान्यात नऊ लिहायचा. तीन आकड्यांचा रकाना असेल तर तीन नऊ. बाईंना नऊ सहन होत नसे. एखाद्या फॉर्मवर तो दिसला की त्या फॉर्म परत द्यायच्या. "नऊ म्हणजे तिला माहीत नाही असं नाही गं. नऊ म्हणजे तू विचारलं नाहीस." मग आम्ही परत विचारायला जायचो. एका बाईच्या आईचं वय विचारायला मी दोनदा गेले. दुसऱ्या वेळी त्या आईनेच दार उघडलं.

आता मिस डेलाबद्दल सांगायला हवं.

मिस डेला तीन घरांची साफसफाई करायच्या. उंच, रुंद, हातांना ब्लीचचा वास. त्यांचं वय तेव्हा माझ्या आईएवढं असेल. डुकराची चरबी न घालता कॉलर्डची, म्हणजे तिकडच्या जाड हिरव्या पानांची, भाजी चवदार करता येते, हे तळघरात पहिल्यांदा त्यांनी दाखवलं. कांदा काळपट होईपर्यंत भाजायचा आणि वरून व्हिनेगर. मी घरी त्यात हिंग घालून केली होती, तेही त्यांना सांगितलं. त्या मला 'हनी' म्हणायच्या. मंगळवारी बाकीच्या बायका बसने यायच्या. मिस डेला चालत यायच्या, म्हणायच्या, "तुम्हीच सांगता ना चालायला."

अभ्यासाचा एक नियम होता. प्रेशर एकशेसाठ किंवा त्याच्या वर गेलं की त्या बाईला औषधाची गरज आहे असं धरायचं. तिला हॉस्पिटलच्या नावाने चिठ्ठी द्यायची आणि अभ्यासातून नाव कमी करायचं. नाव कमी झालं की मंगळवारही संपला.

त्या मंगळवारी मी मिस डेलांना खुर्चीवर बसवलं. पाच मिनिटं झाली. पट्टा बांधला, एकशेऐंशीपर्यंत फुगवला आणि हवा सोडायला लागले. पारा खाली सरकण्याच्या आधीच कानात ठोके सुरू. याचा अर्थ एकच. खरा आकडा एकशेऐंशीच्या वर कुठेतरी होता. अशा वेळी पट्टा पूर्ण सोडायचा, थांबायचं आणि पुन्हा अधिक फुगवायचा, असं बाईंनी शिकवलेलं होतं.

मी मान वर केली. मिस डेला माझ्याकडेच बघत होत्या.

"जास्त आहे ना?" त्या म्हणाल्या. "मला ती चिठ्ठी नको, हनी. अशी चिठ्ठी मागे एका क्लिनिकनं दिली होती. दिवसभर बसून राहिले. इन्शुरन्स नाही म्हणून संध्याकाळी परत पाठवलं. आणि कामाचं एक घर गेलं, न सांगता रजा घेतली म्हणून." मग म्हणाल्या, "हा मंगळवार माझा आहे. तो काढू नकोस."

मी पट्टा पुन्हा फुगवला नाही. फुगवला असता तर आकडा कळला असता आणि कळल्यावर तो लिहावा लागला असता. मी एकशेएकोणसाठ लिहिलं. नियमाच्या एक पाऊल अलीकडे. मला तेव्हा आपण फार हुशार आहोत असं वाटलं. गाडी चालवत घरी येताना मी गाणं म्हणत होते, हेही मला स्वच्छ आठवतं आणि आठवलं की लाज वाटते.

शुक्रवारी बाई वाट्या मांडायच्या. टेबलावर पाच स्टीलच्या वाट्या. पहिली शून्याची, मग दोनाची, चाराची, सहाची, आठाची. आठवडाभराच्या फॉर्मवरचा प्रत्येक प्रेशरचा आकडा घ्यायचा, त्याचा शेवटचा अंक बघायचा आणि त्या वाटीत वाळलेल्या घेवड्याचा एक दाणा टाकायचा. माणसाच्या डोळ्याला शून्य आवडतं, म्हणून आळशी मोजणारी शून्यावर आणून सोडते. शून्याची वाटी भरली की बाई विचारायच्या, "कोण झोपलं होतं?" कॉम्प्युटरवर हे मिनिटात झालं असतं. हिरव्या अक्षरांचे दोन कॉम्प्युटर आमच्याकडे होतेच. प्रत्येक फॉर्म त्यांच्यात दोनदा भरला जायचा, एकदा बाईंनी आणि एकदा मी, वेगवेगळा. मग दोन्ही जुळतात का ते यंत्र सांगायचं. तरी बाईंना वाट्या लागायच्या.

त्या शुक्रवारी मी समोरच बसले होते. दाणे पडत होते. मिस डेलांचा फॉर्म आला. बाईंनी दाणा उचलला आणि त्यांचा हात वाट्यांवर थांबला. शून्य, दोन, चार, सहा, आठ. हात पुन्हा मागे आला.

"हा कुठे टाकू?" बाई म्हणाल्या.

मला आधी कळेना. मग नळी आठवली. पाऱ्याच्या नळीवर रेघा दोन-दोनच्या अंतरावर असतात. एकशेअठ्ठावन्न दिसतं, एकशेसाठ दिसतं. एकशेएकोणसाठ त्या नळीवर नाहीच. दीड वर्षं मी रोज ती नळी बघत होते.

"माझ्याकडे सहावी वाटी नाही," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. त्यांनी तो दाणा ओव्हरकोटच्या खिशात टाकला, उरलेले फॉर्म संपवले, वाट्या एकात एक घातल्या. मी सगळं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी विचारलं, "ठोके कुठे सुरू झाले?"

"एकशेऐंशीला. लगेच."

"चल," म्हणाल्या आणि खुर्ची काढली.

मिस डेला घरी होत्या. दारात बाई, खुर्ची आणि माझा चेहरा बघून त्यांना कळायचं ते कळलं. त्या मुकाट खुर्चीवर बसल्या. टायमर लागला. बाईंनी डोळे मिटले. ती पाच मिनिटं मला कोणी परत देऊ करील तर मी घेणार नाही. मग बाईंनी पट्टा बांधला. पाऱ्याची नळी त्यांच्याकडे वळवलेली होती, मला फक्त लाकडी पाठ दिसत होती. त्या फुगवत राहिल्या, फुगवत राहिल्या. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा बाईंच्या चेहऱ्यावरून मला काहीही वाचता आलं नाही.

"किती आलं?" मिस डेलांनी विचारलं.

बाई पट्टा गुंडाळत होत्या. "उद्या आठला मी गाडी घेऊन येते," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "चपला नको, बूट घाल. आपल्याला जिने चढायचे आहेत."

कॅरीला आमच्यातलेच एक डॉक्टर होते, पोरांचे डॉक्टरकाका. दुसऱ्या दिवशी बाई मिस डेलांना त्यांच्या जिन्याने वर घेऊन गेल्या. तिथून पुढे दर दुसऱ्या शनिवारी. डॉक्टरकाका बाईंना घाबरायचे, त्यामुळे तपासणी झाली, गोळ्याही मिळाल्या. हे मला डॉक्टरकाकूंकडून कळलं. बाईंनी एक अक्षर सांगितलं नाही.

सोमवारी फॉर्म माझ्या टेबलावर होता. माझ्या एकशेएकोणसाठवर एक सरळ रेघ. शेजारी बाईंची आद्याक्षरं. आणि बरोबर म्हणून लिहिलेलं होतं, नऊ नऊ नऊ.

माहिती मिळाली नाही.

मी त्या फॉर्मकडे किती वेळ बघत बसले कोण जाणे. ज्या बाईंनी मला एका म्हातारीच्या वयासाठी दोनदा पिटाळलं, त्यांनी स्वतः तीनदा मोजून तीन नऊ लिहिले होते. नऊला नाव कमी होत नाही. मिस डेलांचा मंगळवार शाबूत राहिला. पण हे खोटंच ना? मग माझ्या खोट्यात आणि त्यांच्या खोट्यात फरक काय? आणि हे मिस डेलांसाठी केलं की माझ्यासाठी? बाईंनी आपल्या बाजूने नऊ भरून ठेवले होते. आता दुसऱ्यांदा भरायची पाळी माझी होती. मी तीन नऊ दाबले. यंत्र म्हणालं, जुळलं.

तीनेक महिन्यांनी बाहेरून एक तपासनीस आला. त्याने मधूनच काढलेल्या फॉर्मांत नेमका तो निघाला. रेघेखालचा आकडा दिसत होताच. तो आमच्या मुख्य डॉक्टरांसमोर म्हणाला, "पाऱ्यावर विषम आकडा? हे कोणी मोजलं?"

मी खोलीत होते, दाराला टेकून. फॉर्मवर मोजणाऱ्याचा नंबर माझा होता, पण तो मागच्या पानावर. पान उलटायला किती वेळ लागतो. आमच्या घरी तेव्हा नवऱ्याच्या कंपनीत कपात चालली होती, ग्रीन कार्डाचे कागद अडकले होते, ही सगळी कारणं माझ्याकडे तयार होती.

"आद्याक्षरं माझी आहेत," बाई म्हणाल्या. "चूक माझी."

मी गप्प बसले.

शिक्षा अशी झाली की मोजणीची परीक्षा पुन्हा दिल्याशिवाय बाईंनी पट्ट्याला हात लावायचा नाही. आम्हा सगळ्यांना ज्यांनी शिकवलं, त्या बाई नव्या पोरींबरोबर पहिल्या बाकावर बसल्या. वही घेऊन. शंकासुद्धा विचारल्या. त्या परीक्षेत एकाच स्टेथोस्कोपला कानात घालायच्या नळ्यांच्या दोन जोड्या लावतात, एक परीक्षा देणाऱ्याची, एक घेणाऱ्याची. दोघांनी एकच ठोका ऐकून आपापला आकडा लिहायचा. घेणारी म्हणून त्या दिवशी माझं नाव लावलेलं होतं. मी बाईंच्या समोर बसले, दोघींच्या कानांमध्ये एकच नळी, आणि मला वर बघवेना. आमचे आकडे तंतोतंत जुळले. मी त्यांच्या कागदावर सही केली. बाई ती निरखून म्हणाल्या, "सही सुधारली तुझी." त्यांना दुसरं काही म्हणायचं होतं का? मी वाट बघितली. त्या वही मिटून निघून गेल्या.

अभ्यास संपला तेव्हा शेवटच्या तक्त्यासाठी बाईंनी फॉर्म मोजले. मंगळवारच्या हजेरीत होत्या त्यापेक्षा तक्त्यात एक बाई कमी निघाली. मी विचारलं, तर म्हणाल्या, "तिच्या गोळ्या चालू आहेत. गोळ्यांचं श्रेय भाजीला कसं देऊ?" म्हणजे मिस डेला वर्गात होत्या, आकड्यांत नव्हत्या. निरोपाच्या दिवशी त्या तळघरात नाचल्या, बाईंना हाताला धरून ओढलं, आणि बाई त्या पांढऱ्या बुटांत चार पावलं नाचल्या. वाईटच नाचल्या.

पुढे आम्ही सिअ‍ॅटलजवळ बॉथेलला गेलो. बाई रिटायर होऊन न्यू जर्सीत आयसेलिनजवळ भाचीकडे राहायला गेल्या. पत्रं यायची, त्यात रेघा आणि आद्याक्षरं. मग रेघा वाढत गेल्या. एका पत्रात रेघांखेरीज काही नव्हतं. त्यानंतर पत्रं थांबली.

कितीतरी वर्षांनी मी त्यांना भेटायला गेले. भाची म्हणाली, "मावशीला कधी ओळख पटते, कधी नाही. मनाला लावून घेऊ नका." बाई खिडकीशी बसल्या होत्या. लाकडी खुर्चीवर, पाय जमिनीला टेकवून. मी समोर बसले. विचारलं, "बाई, काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लंत?"

त्यांनी कपाळाला आठ्या घालून खूप विचार केला. स्वयंपाकघरातून भाची सांगायला निघाली, तिला त्यांनी हाताने थांबवलं. मग माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाल्या, "नऊ लिही."

मला रडू आलं. आणि एकदा रडू आल्यावर मनात साठवलेलं तेही बाहेर पडलं. म्हटलं, "बाई, तो एकशेएकोणसाठ माझा होता. तुम्ही माझी चूक अंगावर घेतलीत आणि मी दाराशी उभी राहून गप्प बसले."

त्यांना काही समजलं असेल असं वाटलं नाही. टेबलावर रुमालांचं पाकीट होतं, ते त्यांनी माझ्याकडे सरकवलं आणि डोळे मिटून घेतले. मी डोळे पुसत बसून राहिले. पाच मिनिटं झाली असतील, जास्तही असतील, टायमर नव्हता. मला वाटलं झोपल्या. मी पर्स उचलली.

"दोनशे चौदा," बाई म्हणाल्या.

मी थांबले. त्यांनी डोळे उघडले नव्हते.

"तिन्ही वेळा. दोनशे चौदा."